तुमचं गाव ‘ग्रामीण’ आहे का? सरकारच्या लेखी याची एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत

एक गाव डोळ्यांसमोर आणा. लोकसंख्या १२ हजार, वस्ती दाट. दहा लाखांहून मोठ्या महानगरपालिकेची हद्द इथून ५ किलोमीटरवर. रस्त्याच्या कडेला गॅरेज, हॉटेलं, भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. कामावर जाणाऱ्या शंभर पुरुषांपैकी ऐंशी जण कंपनीत, दुकानात, रिक्षावर किंवा बांधकामावर. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. सरपंच आहे, ग्रामसभा होते.

हे गाव ग्रामीण की शहरी?

जनगणना म्हणेल शहरी. मनरेगाचा कायदा म्हणेल ग्रामीण. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत ते निमशहरी. आणि इथली शेतजमीन विकली, तर प्राप्तिकर खातं तिला ‘ग्रामीण शेतजमीन’ मानणार नाही.

गाव काल्पनिक आहे, पण हे चारही नियम खरे आहेत. घरकुल मिळणार की नाही, रेशनकार्डासाठी उत्पन्नाची मर्यादा किती, रोजगार हमीचं काम मागता येईल का, जमीन गेली तर मोबदला किती, हे सगळं या एका शब्दावर अवलंबून असतं. म्हणून तो शब्द कोण, कसा आणि कशासाठी ठरवतं, हे समजून घेऊया.

जनगणनेत ‘ग्रामीण’ म्हणजे काय?

गंमत अशी की जनगणना ‘ग्रामीण’ची व्याख्या करतच नाही. ती ‘शहरी’ची व्याख्या करते. त्यात जे बसत नाही, ते सगळं ग्रामीण.

शहरी भागाचे दोन प्रकार आहेत. पहिला, वैधानिक नगर. जिथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, ती जागा शहरी. तिथे किती लोक राहतात आणि ते काय काम करतात, हे बघितलं जात नाही.

दुसरा प्रकार म्हणजे जनगणना नगर. अशा ठिकाणी कारभार ग्रामपंचायतीचाच असतो, पण तीन निकष पूर्ण झाले की जनगणना त्याला नगर म्हणते:

– लोकसंख्या किमान ५ हजार
– घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं
– मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात

हे तीनही निकष एकाच वेळी पूर्ण व्हावे लागतात. ‘मुख्य काम करणारे’ म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ काम केलेले.

तिसऱ्या निकषात फक्त पुरुष मोजले जातात, हेही लक्षात घ्या. घरातला पुरुष कंपनीत जातो आणि बाई शेत बघते, अशी हजारो घरं शहरांच्या आसपास आहेत. या मोजणीत त्या घरातली शेती दिसतच नाही.

२००१ च्या जनगणनेत देशात १,३६२ जनगणना नगरं होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. म्हणजे दहा वर्षांत जवळपास तिप्पट. त्याच काळात वैधानिक नगरं ३,७९९ वरून ४,०४१ पर्यंतच वाढली. आकडेवारीत शहरं झपाट्याने वाढली, कागदोपत्री मात्र ती गावंच राहिली.

गोव्यात हे ठळकपणे दिसतं. २०११ मध्ये गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी होती. पण तिथल्या ७० नगरांपैकी ५६ जनगणना नगरं होती, म्हणजे त्यांचा कारभार पंचायतीकडेच होता. महाराष्ट्रात त्या वर्षी शहरी लोकसंख्या ४५ टक्के होती, तर देशात ३१ टक्के.

मग ग्रामपंचायत की नगरपंचायत, हे कोण ठरवतं?

राज्य सरकार. राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. कलम २४३-क्यू मध्ये तीन पायऱ्या आहेत: गावाचं शहर होत असलेल्या भागासाठी नगरपंचायत, लहान शहरासाठी नगरपरिषद आणि मोठ्या शहरासाठी महानगरपालिका. लोकसंख्या, घनता, स्थानिक उत्पन्न, बिगरशेती रोजगार आणि आर्थिक महत्त्व बघून राज्याने निर्णय घ्यावा, असं हे कलम सांगतं. किती लोकसंख्येला काय, हा आकडा मात्र त्यात नाही. तो प्रत्येक राज्य आपापला ठरवतं.

महाराष्ट्रात त्यासाठी १९६५ चा नगरपरिषद कायदा आहे. त्यानुसार नगरपंचायतीसाठी सर्वसाधारणपणे १० ते २५ हजार लोकसंख्या लागते. नगरपरिषदेसाठी किमान २५ हजार लोकसंख्या आणि किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार लागतो.

पण नियमाला वाटा असतात. २०१४ च्या सुमारास राज्याने तालुक्याच्या मुख्यालयांना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचं धोरण घेतलं. त्यातून सिंधुदुर्गातलं वैभववाडी आणि दोडामार्ग, गडचिरोलीतलं भामरागड अशी १० हजारांपेक्षा बरीच कमी वस्ती असलेली ठिकाणं नागरी झाली. दुसरीकडे, राज्यातलं सर्वांत मोठं आयटी पार्क ज्या भागात उभं राहिलं, ते हिंजवडी वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिलं. उंच काचेच्या इमारती ग्रामीण आणि जंगलाकाठचं भामरागड शहरी, असं हे चित्र आहे.

कुठली योजना कुठली रेघ मानते?

प्रत्येक कायदा किंवा योजना आपल्या गरजेप्रमाणे वेगळी रेघ ओढते. काही महत्त्वाची उदाहरणं पाहू.

रोजगार हमी: २००५ च्या मनरेगा कायद्यातली व्याख्या अगदी सरळ आहे. नागरी स्थानिक संस्था किंवा कटक मंडळाच्या हद्दीत नसलेला कोणताही भाग ग्रामीण. त्यामुळे जनगणना नगरातल्या मजुराला काम मागता येतं, पण नगरपंचायतीतल्या मजुराला येत नाही. २०२५ च्या अखेरीस संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला आणि हमी १०० दिवसांवरून १२५ दिवसांवर नेली. पण तीही ग्रामीण कुटुंबांसाठीच आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याखालच्या जुन्या रोहयोत ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या हद्दीतही कामं काढता येत होती. म्हणजे लहान गाव आणि लहान शहर यांतला फरक फारसा नसतो, हे राज्याला तेव्हाच उमगलं होतं.

घरकुल: प्रधानमंत्री आवास योजनेचे दोन वेगळे भाग आहेत. ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. शिवाय रोजगार हमीतून घर बांधणीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी मिळण्याची सोय ठेवलेली आहे. शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख रुपये मिळतात, पण मजुरीची जोड नाही. एकच घर दोन्हींत बसत नाही.

रेशन: २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांपर्यंत लाभाची मर्यादा आहे. महाराष्ट्रासाठी ही टक्केवारी ग्रामीण भागात ७६.३२ आणि शहरी भागात ४५.३४ आहे. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा राज्याने ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये ठेवली. म्हणजे शहरात उत्पन्नाची अट सैल आहे, पण शंभर माणसांमागे जागा बऱ्याच कमी आहेत.

रस्ते: प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० मध्ये सुरू झाली. तिने महसुली गाव हा घटक न धरता ‘वस्ती’ हा घटक धरला. सपाट भागात ५०० आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागात २५० लोकसंख्येची वस्ती पात्र ठरली. मूळ गावाला डांबरी रस्ता आहे, म्हणून दोन किलोमीटरवरच्या पाड्याचा किंवा तांड्याचा हक्क संपत नाही, हा या निवडीचा मोठा फायदा. महाराष्ट्रासारख्या वाड्या-वस्त्यांच्या राज्यात तो जास्तच जाणवतो.

बँका: रिझर्व्ह बँक फक्त लोकसंख्या बघते. १० हजारांपेक्षा कमी म्हणजे ग्रामीण, १० हजार ते १ लाख निमशहरी, १ ते १० लाख शहरी आणि त्यापुढे महानगर. सरपंच आहे की नगराध्यक्ष, याच्याशी तिला देणंघेणं नाही. नव्या शाखांचा ठरावीक वाटा बँका नसलेल्या ग्रामीण ठिकाणी उघडावा लागतो, त्यासाठी ही वर्गवारी वापरतात.

जमीन: २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी जमिनीच्या बाजारभावाला १ ने गुणतात. ग्रामीण जमिनीला १ ते २ पर्यंतचा गुणांक असतो आणि तो शहरापासूनच्या अंतरानुसार सरकार ठरवतं. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे शहरात बाजारभावाच्या दुप्पट, तर ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला जाऊ शकतो. हद्दीची रेघ शेतातून गेली, तर तिची किंमत अशी मोजता येते.

प्राप्तिकर: ग्रामीण शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. पण ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचं, ते जवळच्या शहराच्या आकारावरून ठरतं. १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाखांच्या शहरापासून ६ आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरली जात नाही. हे अंतर रस्त्याने न मोजता हवाई मार्गाने मोजतात.

सुरुवातीच्या आपल्या काल्पनिक गावाला एकाच वेळी इतकी लेबलं का लागली, ते आता स्पष्ट होईल. जनगणनेने काम आणि घनता बघितली, मनरेगाने कारभार, बँकेने डोकी आणि प्राप्तिकर खात्याने अंतर.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की काय बदलतं?

लोक तेच, घरं तीच, शेतं तीच. अधिसूचनेनंतर बदलतो तो हक्कांचा संच.

जॉब कार्डाचा उपयोग संपतो. नवं घरकुल शहरी योजनेच्या नियमांनी मागावं लागतं. बचत गट ‘उमेद’च्या ग्रामीण अभियानातून निघून शहरी अभियानाकडे जातात. पाणी, शौचालय, रस्ते यांचा निधी वेगळ्या खात्यांतून येऊ लागतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही, त्याऐवजी नगरसेवक निवडले जातात. घरपट्टी आणि बांधकाम परवानगीचे नियम बदलतात.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ग्रामसभा जाते. गावातला प्रत्येक मतदार जिथे बसून खर्चाचा हिशेब विचारू शकतो आणि लाभार्थ्यांच्या यादीवर हरकत घेऊ शकतो, असं ते एकमेव ठिकाण असतं. अनुसूचित क्षेत्रात तर हा बदल आणखी खोल जातो. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला गौण वनोपज, गौण खनिज आणि भूसंपादनाबाबत विशेष अधिकार दिले आहेत. ते अधिकार पंचायत व्यवस्थेतल्या ग्रामसभेचे आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपालिकांसाठी तसा कायदा करण्याचं विधेयक २००१ मध्ये संसदेत आलं, पण ते मंजूर झालं नाही.

दुसरी बाजूही आहे. ग्रामपंचायतीकडे मोठी सांडपाणी योजना, अग्निशमन, कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट किंवा नगररचना यांसाठी माणसंही नसतात आणि पैसाही नसतो. मोठ्या शहराच्या वेशीवर बेसुमार इमारती उभ्या राहिल्या की ग्रामपंचायतीचा टँकर पुरत नाही. त्यामुळे ‘आम्हाला शहरात घ्या’ ही मागणीही तितकीच खरी असते.

म्हणूनच गावं आत-बाहेर होत राहतात का?

हो. ठाणे जिल्ह्यातल्या कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांचं उदाहरण बघा. १९८३ मध्ये ती महानगरपालिकेत गेली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. २०२० मध्ये त्यातली १८ गावं बाहेर काढण्याचा निर्णय झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला.

पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं समाविष्ट झाली. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथल्या लोकांनी मिळकतकर वाढला, पण सुविधा आल्या नाहीत, अशी तक्रार केली. शेवटी या दोन गावांसाठी स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

राज्य सरकारंसुद्धा निधीकडे बघून निर्णय घेतात. तमिळनाडूने २००४ मध्ये पाचशेहून अधिक नगरपंचायतींना ‘विशेष ग्रामपंचायत’ म्हणून नव्याने वर्गीकृत केलं. ग्रामीण योजनांचा केंद्रीय निधी मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. २००६ मध्ये सरकार बदललं आणि हा निर्णय मागे घेतला गेला. दोन वर्षांत शेकडो गावं शहरी, ग्रामीण आणि परत शहरी झाली. तिथल्या लोकांच्या राहणीमानाचा या बदलाशी काही संबंध नव्हता.

केंद्राचं धोरण नेमकं उलट्या दिशेचं राहिलं आहे. २०१६ मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने राज्यांना ३,७८४ जनगणना नगरांचं वैधानिक नगरांत रूपांतर करायला सांगितलं होतं. पण ग्रामीण योजना सुटण्याची भीती आणि वाढत्या करांचा विरोध यांमुळे राज्यांचा हात आखडताच राहतो.

आकडे कुठल्या वर्षाचे धरतात?

हा प्रश्न दिसतो किरकोळ, पण अनेकांची पात्रता इथेच अडकते.

२०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे रेशनचा राज्यनिहाय कोटा आजही २०११ च्या लोकसंख्येवर आहे. ग्रामसडक योजनेचे सुरुवातीचे टप्पे २००१ च्या लोकसंख्येवर आखले गेले होते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ चे आकडे धरले, तेव्हा मधल्या काळात वाढलेल्या वस्त्यांना संधी मिळाली. २००१ मध्ये ४८० माणसांची वस्ती असेल, तर आज तिथे ७०० माणसं असूनही तिला इतकी वर्षं थांबावं लागलं असेल.

जनगणना नगरांचंही तसंच आहे. २०११ साठी ती निवडताना २००१ चे आकडे वापरले होते. मधल्या दहा वर्षांत बदललेली गावं त्यातून निसटली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि त्यासाठी हद्दींमधले बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण करायला राज्यांना सांगण्यात आलं होतं. त्या जनगणनेचे आकडे आले की रेशनपासून बँक शाखांपर्यंत अनेक रेघा नव्याने ओढाव्या लागतील.

यावर काही उपाय आहे का?

एक मार्ग मोजणी सुधारण्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये एका पद्धतीला मान्यता दिली. तिच्यात प्रशासकीय हद्दी बाजूला ठेवून जमिनीचे एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि लोकसंख्या व घनता बघून शहर, मधला भाग आणि ग्रामीण असे तीन गट करतात. ‘मधला’ असा गट असल्यामुळे आपल्यासारखी दोनच टोकं उरत नाहीत. ही पद्धत देशांची तुलना करण्यासाठी आहे. कुणाला लाभ द्यायचा, हे ती ठरवत नाही.

दुसरा मार्ग योजनाच दोन्हीकडे नेण्याचा. केरळने २०१० मध्ये अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. राजस्थानने २०२२ मध्ये तशी योजना आणली. देशपातळीवर शहरी रोजगाराची हमी देणारा कायदा मात्र नाही. गावाचा दर्जा बदलल्यावर काही वर्षं जुने लाभ चालू ठेवायचे, हाही एक सोपा उपाय आहे. तसं झालं तर एका अधिसूचनेने मजुराचं काम सुटणार नाही आणि लोकांचा नगरपंचायतीला होणारा विरोधही कमी होईल.

तुम्ही ग्रामीण की शहरी, हे कसं बघाल?

पहिली खूण म्हणजे घरपट्टीची पावती. ती ग्रामपंचायतीची असेल, तर कारभारावर आधारित सर्व योजनांसाठी तुम्ही ग्रामीण आहात. नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेची असेल, तर शहरी. तुमची संस्था कोणत्या वर्गात नोंदलेली आहे, हे केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेच्या संकेतस्थळावरही तपासता येतं.

दुसरं, अर्ज नाकारला गेला तर ‘ग्रामीण नाही’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. कोणत्या नियमातली व्याख्या लावली आणि कोणत्या वर्षाची लोकसंख्या धरली, हे लेखी विचारा. बँकेची व्याख्या घरकुलाला लागू होत नाही आणि जनगणना नगर असल्याने रोजगार हमीचा हक्क जात नाही.

तिसरं, हद्द बदलण्याआधी सरकारला प्रारूप अधिसूचना काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात. या काळात ग्रामसभा बोलवा. गावात किती जॉब कार्डं चालू आहेत, किती घरकुलं मंजुरीच्या रांगेत आहेत, किती कुटुंबं शेतीवर जगतात, पाणी आणि सांडपाण्याची काय अवस्था आहे, याची यादी करा. नगरपंचायत हवी असो वा नको, दोन्ही बाजूंना ही यादी उपयोगी पडते. अंतिम अधिसूचना निघाल्यावर बहुतेक वेळा न्यायालय हाच रस्ता उरतो.